पानाची डावी बाजू : ताजी फळे आणि झणझणीत मसाले

मराठी घरात फळांना तीन ठिकाणी मान असतो : देवापुढे, सुवासिनीच्या ओटीत आणि आजाऱ्याच्या उशाशी. तिन्ही ठिकाणी फळ येते ते पाहुण्यासारखे, घरच्यासारखे नव्हे. रोजच्या जेवणात फळ असते का, असे कोणी विचारले तर आपल्याला फार तर जेवणानंतरचे एखादे केळे आठवते, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना महिनाअखेरीस तेही आठवत नाही. "फळे खाणे हा श्रीमंतांचा शौक आहे," हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते खरे आहे की नाही हे तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही.

परंतु फळाला आपल्या जेवणात आणखी एक, चौथे ठिकाण आहे आणि तेच आपण विसरत चाललो आहोत. ते म्हणजे पानाची डावी बाजू. पद्धतशीर वाढलेल्या मराठी पानात वरच्या बाजूला मध्यावर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, आणि उजवीकडे भाज्या-आमट्या असा क्रम असतो. उजवी बाजू पोट भरते. डावी बाजू तोंडी लावायला. 'तोंडी लावणे' या शब्दामुळे डावीकडचे पदार्थ हे केवळ चवीचे चोचले आहेत असा समज झाला आहे. पण जरा लक्ष देऊन पाहिले तर शिजवल्यावाचून खाल्ले जाणारे ताजे अन्न आपल्या पानात बहुतांशी याच बाजूला असते, आणि त्यात फळांचा वाटा मोठा आहे. कैरी, पेरू, केळे, द्राक्षे, आवळा, करवंद, डाळिंब ही सगळी मंडळी डावीकडून आत येतात. मात्र गोड होऊन नव्हे, तर मोहरी, मेथी, हिंग, मिरची आणि मीठ यांचा हात धरून.

आता खाणावळीचे ताट पाहा. पोळ्या, पातळ भाजी, आमटी, भात. खर्च वाढला की पहिली काट बसते ती डाव्या बाजूला. कांद्याची एक चकती आणि बाटलीतले लोणचे एवढ्यावर ती बाजू उरकली जाते. याची किंमत किती असते, हे पुढे सांगणार आहे.

आपण भाषेचे विद्यार्थी आहोत, म्हणून आधी थोडे शब्दांकडे पाहू. 'पन्हे' हा शब्द संस्कृत 'पानक' या शब्दापासून आला. आंबट फळांचा रस, गूळ किंवा साखर आणि मसाला यांचे पेय ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत पानकाबरोबर 'रागषाडव' या आंबटगोड तोंडीलावण्याचाही उल्लेख येतो. पण मला अधिक मौजेचे वाटते ते दुसरेच. आपल्या फळांच्या तिखट पदार्थांची नावे पुष्कळदा फळावरून पडलेली नाहीत, मसाल्यावरून पडली आहेत. 'रायते' या नावात राई, म्हणजे मोहरी आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात आंब्याचे 'सासव' करतात. कोकणीत सासंव म्हणजे मोहरीच. 'मेथांबा' या शब्दात आंबा आहे खरा, पण मान मेथीला पहिला. नाव ठेवणाऱ्यांना फळ कोणते हे दुय्यम वाटले. फळ हंगामाप्रमाणे बदलेल, मसाला पदार्थाचा कणा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

याचा पुरावा इतिहासातही सापडतो. पेरू, अननस, पपई, काजू ही फळे मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकापासून आपल्याकडे आली. 'अननस', 'काजू', 'पपई' ही नावेही त्यांच्याच बरोबर आली. मिरचीही तिकडचीच. तिला आपण जे नाव दिले ते आपल्या मिऱ्यावरून. म्हणजे ज्या पेरूच्या कोशिंबिरीला आपण अस्सल जुनी मराठी कोशिंबीर समजतो, तिच्यातले फळही परके आणि तिखटही परके. जुने आहे ते दही, जिरे, हिंग आणि ती कालवण्याची रीत. परक्याला घरात घेण्याची ही हातोटी आपल्या स्वयंपाकघराने कोणताही गाजावाजा न करता दाखवली आहे.

आता मोहरीविषयी थोडे सविस्तर लिहितो. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे, पण मोहरीपुरते तरी ते समजून घ्यावेच लागते. मोहरीचा अख्खा दाणा तोंडात धरला तर काहीच झोंबत नाही. दाण्यात सिनिग्रिन नावाचे द्रव्य एका जागी असते आणि मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या जागी. दाणा कुटला आणि त्याला पाणी लागले की दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारे ते झणझणीत तेल तयार होते. आपल्या आज्या या क्रियेला 'मोहरी फेसणे' म्हणतात. इतका नेमका शब्द शास्त्राच्या पुस्तकातही मिळणार नाही. उलट तीच मोहरी तापलेल्या तेलात टाकली तर उष्णतेने ते विकर मरते. म्हणून फोडणीची मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. फेसलेली मोहरी आणि फोडणीची मोहरी हे चवीच्या दृष्टीने दोन निरनिराळे मसाले आहेत, आणि फळांना बहुधा फेसलेलीच मानवते.

रायते करायचे तर असे करावे. चहाचा अर्धा चमचा मोहरी खलात बारीक कुटावी. तीत दोन चमचे गार पाणी, चिमूटभर मीठ व साखर घालून तीन-चार मिनिटे घोटावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. पाणी गरम नको, आणि दही आधी घालू नये. उष्णता आणि आंबटपणा दोन्ही त्या विकराला आवरतात. झाकण काढून वास घेतल्यावर डोळ्यांत पाणी आले की मोहरी फेसली. मग एक वाटी घट्ट, फार आंबट नसलेले दही घोटून तीत ही मोहरी, चवीपुरते मीठ आणि साखर मिसळावी व शेवटी दोन पिकलेल्या पण टणक केळ्यांच्या चकत्या घालाव्यात. केळ्यांऐवजी वाटीभर बिनबियांची द्राक्षे अर्धी चिरून घातली तर नाशिककडचे मित्र खूश होतील. डाळिंबाचे दाणेही चालतात. हे रायते फोडणी मागत नाही, चूल मागत नाही, आणि कॉट-बेसिसवर राहणाऱ्याला खोलीत करता येते.

सासव मात्र चुलीवरचे. त्याला हापूस वापरणे म्हणजे उधळपट्टी. बाजारात स्वस्त मिळणारे बारके, रसाळ, थोडे आंबट रायवळ आंबेच हवेत. सहा-सात आंबे सोलून कोयींसकट पातेल्यात घ्यावेत, साली थोड्या पाण्यात कोळून ते पाणीही घ्यावे. त्यात आंब्याच्या आंबटपणानुसार पाव वाटी किंवा थोडा अधिक गूळ, मीठ, किंचित हळद घालून मंद आंचेवर एक उकळी आणावी. एक वाटी ओला नारळ आणि चार सुक्या बेडगी मिरच्या बारीक वाटाव्यात, आणि वाटण होत आले की मगच त्यात एक चमचा मोहरी घालून थोडेसे फिरवावे. फार वाटली तर कडवटपणा येतो. पातेले खाली उतरवल्यावर वाटण मिसळावे. पुन्हा खळाखळा उकळू नये. मोहरीचा झणका वाफेबरोबर उडून जातो. काही घरांत मोहरी आधी किंचित परततात, तेव्हा सासव सौम्य होते. माझे मत न परतण्याकडे आहे. भातावर हे सासव आणि कोय चोखायला वेळ, एवढे असले की आमटीची आठवण येत नाही.

आता त्या किमतीचा प्रश्न. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्या वर्गातील बाकांवर बसणाऱ्या मुली याच वयोगटातल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता हे त्यांतील प्रमुख. गंमत अशी की बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतून लोह आपल्या पोटात जातच असते. पण धान्य-भाज्यांतील लोह आतड्यातून रक्तात शिरायला कुरकुर करते. त्याच घासाबरोबर जर 'क' जीवनसत्त्व असेल तर ते अधिक सहज शोषले जाते. जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी. 'त्याच घासाबरोबर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सकाळी खाल्लेला आवळा रात्रीच्या भाकरीतील लोहाला फारशी मदत करू शकत नाही. मदत करते ती त्याच पानातली डावी बाजू! लिंबाची फोड, कच्ची कैरी, पेरूची कोशिंबीर. ती काढून टाकली म्हणजे केवळ चव गेली असे नव्हे, तर उजव्या बाजूच्या भाजीत जे होते त्याचाही काही भाग वाया गेला. खाणावळीच्या चालकांशी भांडायचे असेल तर गोडाच्या वाटीसाठी भांडण्याऐवजी या मुद्द्यावर भांडावे. रक्तक्षय झालाच असेल तर मात्र कोशिंबिरीवर न राहता डॉक्टरांकडे जावे आणि गोळ्या घ्याव्यात.

पेरूत 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या सुमारे चौपट असते, आणि हंगामात तो संत्र्याहून बहुधा स्वस्त मिळतो. पेरूची कोशिंबीर करायला पिकलेले पण मऊ न पडलेले दोन पेरू घ्यावेत. बिया त्रास देत असतील तर मधला गर काढावा. टाकू मात्र नये, खाऊन टाकावा. बारीक फोडी, अर्धी वाटी दही, एक हिरवी मिरची मिठाबरोबर चुरडून, चिमूटभर साखर, कोथिंबीर. चमचाभर तुपात जिरे आणि हिंगाची फोडणी करून ती थोडी निवली की वर ओतावी. ही कोशिंबीर पाने घेतल्यावर करावी. चिरून ठेवलेल्या फळातले जीवनसत्त्व हवेने हळूहळू कमी होते, आणि पेरू पाणीही सोडतो. ज्यांच्याकडे एवढेही साधन नाही त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेरचा धडा आठवावा : चार चिरा दिलेला पेरू आणि त्यात भरलेले तिखट-मीठ. ते मीठ उगीच नसते. मिठामुळे फळातील तुरट-कडवट चव दबते आणि गोडी वर येते.

हिंगाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या हिंगावाचून आपली फोडणी अपुरी, तो शतकानुशतके आपण अफगाणिस्तान आणि इराणकडून आणत आलो. भारतात त्याच्या रोपांची पद्धतशीर लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू झाली ती २०२० मध्ये. आपल्या डबीत असतो तो शुद्ध हिंग नव्हेच, पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. म्हणून तो चिमटीने नव्हे तर पाव चमच्याने घालावा लागतो.

कैरीचे स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगड-काकडीच्या फोडी. धार्मिक भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या बायकांनी एकमेकींच्या घरी जाऊन ताजी फळे आणि कडधान्ये खाण्याचा हा महिनाभराचा कार्यक्रम आहे. एरवी सगळ्यांना वाढून उरलेले खाणाऱ्या बाईच्या हातावर त्या संध्याकाळी आधी खिरापत पडते, याचे मला विशेष वाटते.

आंब्याच्या डाळीसाठी वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पाणी पूर्ण निथळावे आणि तीन-चार हिरव्या मिरच्यांबरोबर, पाणी न घालता, भरड वाटावी. गंधासारखी वाटली तर तिचा लगदा होतो. एका मध्यम कैरीचा कीस, मीठ, थोडी साखर, ओले खोबरे घालून कालवावी आणि वर मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरचीची सढळ फोडणी द्यावी. कच्ची डाळ पचायला जड. ती वाटीने नव्हे, डावभर खायची. नाव डाळीचे असले तरी हीसुद्धा डावीकडचीच आहे हे विसरू नये.

पन्ह्याची कृती सर्वांना ठाऊक असल्यामुळे प्रमाणच सांगतो : उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ दीड वाटी, मीठ अर्धा चमचा, वेलदोडा. हा गोळा काचेच्या बरणीत शीतकपाटात ठेवावा आणि लागेल तेव्हा दोन चमचे पेलाभर गार पाण्यात कालवावा. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. पन्ह्यात दोन्ही मिळतात. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी येते, या तत्त्वावरच जलसंजीवनी आधारलेली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले, ते याच तत्त्वाने. म्हणून पन्हे म्हणजे आपली घरगुती जलसंजीवनी, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. ते बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम असते. पन्ह्यात गोडी त्याच्या कितीतरी पट. उन्हातून आल्यावर पन्हे उत्तम, जुलाबात नव्हे.

राहिला मेथांबा. एका मोठ्या कैरीच्या साल काढून केलेल्या फोडी, पळीभर तेलात मोहरी, हिंग, हळद आणि एक लहान चमचा मेथ्या. मेथ्या तांबूस होताच फोडी टाकाव्यात. काळ्या झाल्या तर त्यांचा कडूपणा गुळाच्या बापाला आवरणार नाही. थोडे पाणी घालून झाकण ठेवावे, फोडी मऊ झाल्या की त्यांच्या निम्म्याने गूळ, चमचाभर तिखट, मीठ घालून दोन उकळ्या आणाव्यात. आंबट, गोड, तिखट, खारट आणि कडू अशा पाच चवी एका वाटीत येतात, आणि आठवडाभर पोळीची सोय होते.

सोलकढीविषयी दोनच वाक्ये. आमसुले कोमट पाण्यात कुस्करून ते पाणी नारळाच्या दुधात मिसळावे, त्यात मीठ, वाटलेली मिरची, लसूण घालावी आणि उकळू नये, नाहीतर ती फाटते. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून झणझणीत जेवणावर पाण्याचे चार पेले करू शकत नाहीत ते नारळाच्या दुधाची एक वाटी करते.

अननसाबाबत एक सावधगिरी. ताजा अननस दह्यात घालून ठेवला तर रायते थोड्या वेळाने कडू होते. दोष दह्याचा नाही. अननसातील ब्रोमेलिन हे विकर दुधातील प्रथिने तोडते; जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चरचरते तीही त्यामुळेच. फोडी थोड्या साखरेबरोबर पाच-सात मिनिटे शिजवून, गार करून मग दह्यात घालाव्यात.

घरी केलेले म्हणजे आरोग्याला चांगलेच, असेही मी म्हणणार नाही. साखरांबा, मुरांबा, वर्षाचे लोणचे हे घरचेच, पण ते फळ टिकवण्याचे प्रकार आहेत, आणि फळ टिकते ते साखरेच्या वा मिठाच्या ढिगाऱ्याखाली. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना त्यांचा उपयोग थोडा आणि अपाय अधिक. या लेखात गूळ-मीठ आले आहे ते चवीपुरते, आणि ज्यांना पथ्य आहे त्यांनी तेही हात आखडून घालावे. मोहरी, आले, हिंग, मिरची यांच्या जोरावर मीठ कमी करता येते, हा झणझणीत मसाल्यांचा एक दुर्लक्षित गुण आहे.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले तेव्हा वाटी-चमच्याच्या मापामुळे नव्या मुलींना स्वयंपाक सोपा झाला. त्या मापांचा फायदा आता मुलांनीही घ्यायला हरकत नसावी. वसतिगृहाच्या खोलीत एक सुरी, एक वाडगा, लहान खलबत्ता, आणि मोहरी, जिरे, हिंग, तिखट, मीठ यांच्या पाच पुड्या असल्या की वर्षभराचे भागते : पौषात पेरू आणि बोरे, फाल्गुनात द्राक्षे, चैत्र-वैशाखात कैरी आणि करवंदे, कार्तिकापासून आवळे. आवळ्याला तर काहीच लागत नाही. दोन आवळे किसून त्यात आल्याचा तुकडा, मिरची, मीठ घालावे आणि लगेच भाताशी खावे.

आणि उन्हाळ्यात चौघांत मिळून कलिंगड आणले तर साली फेकण्यापूर्वी हिरवे कवच काढून आतला पांढरा भाग किसून ठेवावा. दोन वाट्या किसाला वाटीभर थालिपिठाची भाजणी, तिखट, ओवा, तीळ, मीठ. पाणी घालायचे नाही, किसाचेच पाणी पुरते. पीठ मळून ठेवले तर सैल होते, म्हणून तवा तापल्यावरच मळावे.